सूट दिली, पण नोंद कुणाकडे? कॅराव्हॅन तळांची स्वच्छता आणि ब्रिटनचं १९६० साल

पायवाट (धागा सुरू करताना)

१९६० साली ब्रिटनच्या संसदेने कॅराव्हॅन (राहायची सोय असलेल्या चाकांवरच्या गाड्या) जिथे उभ्या राहतात त्या तळांच्या नियंत्रणासाठी कायदा केला. २९ जुलैला त्याला राजमान्यता मिळाली आणि महिन्याभरात तो लागू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीला सक्तीच्या लष्करी सेवेची भरती संपली. या दोन गोष्टी कुणी एकत्र वाचत नाही. पण दोन्हीकडे सरकारपुढचा प्रश्न एकच होता: नियम सगळ्यांना लागू, मग त्यातून सूट कुणाला, आणि ती सूट नीट वापरली जाते की नाही हे बघायचं कुणी?

सैन्यभरतीतून मिळणाऱ्या सुटीचं बघा. १९४८ चा राष्ट्रीय सेवा कायदा १ जानेवारी १९४९ पासून लागू झाला. भरतीच्या वयाला आलेल्या प्रत्येक तरुणाने रोजगार कार्यालयात जाऊन नाव लिहायचं. सूट मिळणार हे ठाऊक असलं तरी लिहायचं. जमिनीखाली उतरणारा कोळसा खाणकामगार, व्यापारी जहाजावरचा खलाशी, शेतमजूर, शिकाऊ कारागीर, विद्यार्थी यांची भरती पुढे ढकलली जाई. पण ती ढकलली जाई त्या माणसाच्या नावापुढे, कारणासह. खाणकामगाराने वयाची २६ वर्षं पुरी व्हायच्या आत खाण सोडली की बोलावणं आलंच.

कॅराव्हॅनची सूट याच्या उलट. कायद्याने परवाना सक्तीचा केला: आधी जमीन वापराची परवानगी, मग स्थानिक परिषदेचा परवाना, आणि त्याला पाणी, संडास, गाड्यांमधलं अंतर, आगीची साधनं यांच्या अटी. मात्र पहिल्या परिशिष्टात सुटींची लांब यादी जोडली. एकच कॅराव्हॅन, मुक्काम दोन रात्रींपर्यंत आणि वर्षात २८ दिवसांच्या आत, तर परवाना नको. जमीन पाच एकर किंवा जास्त, गाड्या तीनपर्यंत, वर्षात २८ दिवस, तरी नको. मान्यताप्राप्त क्लबने प्रमाणपत्र दिलेली पाच गाड्यांची जागा, तिथेही नको. शेतावर हंगामापुरते राहणारे मजूर, जंगलकामगार, बांधकामावरचे मजूर, फिरते खेळवाले, कुणालाच नको. शेतमजूर आणि बांधकाम मजुरांच्या बाबतीत तर परिषदेला नुसतं कळवायची सक्तीही परिशिष्टात नाही.

म्हणजे बंदूक कुणी उचलायची नाही याची नोंद नावागणिक, आणि कुणाचा मैला कुठे जातो याची नोंदच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. सूट जरूर द्या, पण नोंद आधी आणि सूट नंतर. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. तळ अजून थोडे आहेत, तोवरच हे ठरवून घ्यायला हवं.

दस्तऐवज

तुलना आकर्षक आहे, पण कायद्यावर अन्याय करणारी आहे.

पहिली गोष्ट. परिशिष्टातल्या सुटी कायमच्या बहाल केलेल्या नाहीत. एखाद्या जमिनीवर सुटीचा गैरवापर होत असेल तर परिषदेने मंत्र्यांकडे अर्ज करायचा, आणि मंत्री आदेश काढून त्या जमिनीपुरती ती सूट काढून घेऊ शकतात. तुम्ही लिहिलेल्या बहुतेक सुटींना हे लागू आहे. दुसरी, क्लबचं प्रमाणपत्र एका वेळी जास्तीत जास्त वर्षभराचं असतं आणि दिलेल्या प्रमाणपत्रांचा तपशील क्लबने मंत्र्यांना पाठवायचा असतो. ही नोंदच झाली की. तिसरी, परवान्यातून सूट म्हणजे आरोग्य कायद्यातून सूट नव्हे. १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचं २६८ वं कलम तंबू, गाड्या, झोपड्या यांनाच लावलेलं आहे. त्या आरोग्याला घातक झाल्या तर तो उपद्रव, आणि परिषद नोटीस काढू शकते.

हा कायदा का आला तेही सांगायला हवं. जुन्या कायद्यातसुद्धा, २६९ व्या कलमाखाली, परवाना होता. पण जमीन सलग ४२ दिवसांपेक्षा जास्त आणि बारा महिन्यांत ६० दिवसांपेक्षा जास्त वापरली नाही तर तो लागत नसे. युद्धानंतर घरांची टंचाई झाली आणि माणसं कॅराव्हॅनमध्ये कायमची राहू लागली. १९५९ मध्ये आर्टन विल्सन यांनी सरकारला अहवाल दिला, त्यात अंदाज होता सुमारे ६०,००० कॅराव्हॅन आणि त्यांत दीड लाख माणसं. त्यात हवाई दलाच्या तळांजवळ बिऱ्हाड केलेली सैनिकांची कुटुंबंही होती. लष्कर आणि कॅराव्हॅन यांचा खरा सांधा शोधायचा तर तो इथे आहे: नवऱ्याला लष्करी तळावर ठेवलं आणि विवाहितांसाठी घरं पुरली नाहीत.

एवढ्या पसाऱ्यात परिषदेचे मोजके निरीक्षक कुठे पाठवायचे? शंभर गाड्यांच्या कायम तळावर, की एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात चार आठवडे उभ्या असलेल्या तीन गाड्यांवर? सूट म्हणजे निरीक्षकाचा वेळ कुठे घालवायचा याचा निर्णय असतो. तो त्यांनी बरोबर घेतला.

टाकी_शोषखड्डा

दोघांचंही वाचलं. मैल्याच्या बाजूने बघितलं तर "तीनच गाड्या" हा आकडा फसवा आहे. गाड्या किती यापेक्षा त्यांचं रिकामं कुठे होतं ते बघायला हवं.

कॅराव्हॅनमधल्या संडासाखाली काढघालीची टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. मापाने साधारण १८ लिटर. तीन-चार माणसांना दोन ते तीन दिवस पुरते. तीत वास मारायला निळं रसायन घालतात. जुन्या रसायनांत फॉर्मल्डिहाइड असे, आता बऱ्याच ठिकाणी दुसरी जंतुनाशकं असतात, पण काम तेच: जंतू मारणं. आणि सेप्टिक टँक चालते जंतूंवर. २५ गाड्यांच्या तळावर रोज नऊ-दहा कॅसेट रिकाम्या होतात, म्हणजे १७० ते १८० लिटर घट्ट, रसायन घातलेला मैला. हा सगळा नेहमीच्या सेप्टिक टँकमध्ये ओतला की आतलं कुजणं मंदावतं. गाळ तळाशी बसत नाही, तरंगणारी साय जाड होते, आणि दोन्ही बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातात. वरून काही दिसत नाही. चार-सहा महिन्यांनी शोषखड्डा चोंदतो, पाणी चेंबरच्या झाकणातून वर येतं, आणि मालक म्हणतो टाकी छोटी पडली. टाकी छोटी नसते, मेलेली असते.

उपाय महाग नाही. कॅसेटसाठी वेगळी सीलबंद टाकी, जिला बाहेर पाणी जायची वाटच नाही. रोज १८० लिटर मैला आणि धुण्याचं तेवढंच पाणी धरलं तर ३० दिवसांचे १०,८०० लिटर होतात. १२,००० लिटरची टाकी बांधा आणि महिन्याला उपसा करा. संडास-न्हाणीघराच्या इमारतीची टाकी निराळी. तिच्यासाठी ब्रिटिश मानकाचं जुनं सूत्र सोपं आहे: माणसं गुणिले १८० अधिक २,००० लिटर. ७५ माणसांना १५,५०० लिटर. आपल्या आयएस २४७० या भारतीय मानकात टाकीची किमान रुंदी ७५० मिमी, पाण्याची खोली किमान १ मीटर, आणि लांबी रुंदीच्या दोन ते चारपट सांगितली आहे. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब. कोकणात जांभा असेल तर मी १८ वर थांबणार नाही. जांभ्याला भोकं असतात, पावसाळ्यात पाणी गाळून न जाता सरळ धावतं. तिथे विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा घेऊच नये.

आता देखरेखीचा प्रश्न. तीन गाड्यांच्या शेतावर वेगळी टाकी कुणी बांधत नाही. कॅसेट घरच्या संडासात ओतली जाते, नाहीतर ओढ्यात. २८ दिवसांत तीन गाड्यांच्या तीसेक कॅसेट, म्हणजे पाचशे लिटरच्या वर. सूट गाड्यांची संख्या बघून दिली. घरच्या टाकीला त्या संख्येशी देणंघेणं नाही.

रंगरूट

पायवाट, सैन्याच्या बाजूचं चित्र तुम्ही जरा जास्तच धुवून काढलंय.

नोंद सगळ्यांची होती हे खरं, पण सगळे म्हणजे ग्रेट ब्रिटनमधले. उत्तर आयर्लंडला कायदा लागूच नव्हता. एका प्रदेशाला सरसकट सूट, नावागणिक नोंद वगैरे काही नाही. विद्यार्थ्याला पदवीपर्यंत मुदत मिळायची, कारण त्याच्याकडे विद्यापीठाचं पत्र असायचं. गोदीत सुट्टं काम करणाऱ्याकडे कसलं पत्र असणार? त्याला पहिल्याच बोलावण्याला जावं लागे. आणि १९५० मध्ये कोरियाच्या युद्धामुळे सेवेचा काळ १८ महिन्यांवरून दोन वर्षं झाला, तेव्हा त्याची किंमतही वाढली.

विवेकाला न पटल्यामुळे नकार देणाऱ्यांसाठी न्यायाधिकरणं होती. चार निकाल शक्य होते: बिनशर्त सूट, नागरी कामाच्या अटीवर सूट, सैन्यात पण शस्त्र न घेता काम, किंवा अर्ज नामंजूर. वर अपीलही होतं. माणसाची तोंडी परीक्षा घेऊन त्याचा विवेक खरा की खोटा हे मोजक्या जणांनी ठरवायचं. धार्मिक पंथाचं पाठबळ असलेल्याला शब्द सापडायचे, एकट्याने विचार करून आलेला अडखळायचा. नोंद होती म्हणून न्याय झाला, असं मी म्हणणार नाही.

तरीही तुमच्या मूळ मुद्द्याला एक बळकटी देतो. सूट वर्गाला दिली आणि मोजणं सोडलं की काय होतं ते इस्रायलमध्ये दिसतं. १९४८ साली ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांत शिकणाऱ्या सुमारे ४०० तरुणांना भरतीतून वगळलं. पुढे ८०० ची मर्यादा होती, ती १९७७ मध्ये उठवली. त्यानंतर आकडा हजारोंवर गेला, आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एकमताने सांगावं लागलं की या सुटीला कायद्याचा आधार उरलेला नाही, भरती करा. मर्यादा होती तोवर निदान किती जणांना सूट आहे हे कुणीतरी मोजत होतं.

कोयता_हंगाम

धाग्यात शेतमजुरांच्या सुटीवरून सगळे एका ओळीत पुढे गेले. खरा प्रश्न तिथेच आहे, आणि तो आपल्या दारातला आहे.

ब्रिटनमध्ये शेतावर हंगामी राहणाऱ्या मजुराच्या कॅराव्हॅनला परवाना नको. आपल्याकडे उसाच्या हंगामात बीड, नगर, जालन्याकडून निघालेली कुटुंबं कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या घालून पाच-सहा महिने राहतात. हाही फिरता तळच. चाकं टायरगाडीची, एवढाच फरक. आणि सूटही तीच, फक्त कुठे लिहिलेली नाही. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, तोडणी-वाहतुकीचा करार ठेकेदाराशी आहे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी उचल (आगाऊ रक्कम) दिलीय, संडासाचं माझ्याकडे काय? १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून कर्नाटकात गेलेली जोडी त्यात बसे, बीडहून कोल्हापुरात गेलेली बसत नसे. अंतर तेवढंच, उघड्यावर बसणं तेवढंच.

यातून बायकांच्या शरीराचं काय होतं ते २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी केली तेव्हा राज्यासमोर आलं. पहाटे चारला फडात उतरायचं, अंधार असेल तेवढ्यातच मोकळं व्हायचं, दिवसभर पाणी कमी प्यायचं, पाळीत बदलायला आडोसा नाही. जंतुसंसर्ग होणारच. मग गावचा डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका.

आकडा मांडते. एक कोयता म्हणजे तोडणीची एक जोडी. २०० कोयत्यांचा तळ म्हणजे ४०० मोठी माणसं, सोबत दीडशे मुलं धरा. ५५० झाले. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर वापरलं जाणारं स्फिअर मानक एका संडासामागे जास्तीत जास्त २० माणसं सांगतं, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत, आणि बायकांसाठी तीन तर पुरुषांसाठी एक असं प्रमाण. म्हणजे २८ संडास, त्यातले २१ बायकांचे. पाणी माणशी किमान १५ लिटर, म्हणजे रोज ८,२५० लिटर. भूकंपात घर पडलेल्याला जे मिळायला हवं असं जग मानतं, ते दरवर्षी ठरलेल्या तारखेला येणाऱ्या माणसाला मिळत नाही.

दस्तऐवज म्हणतात, निरीक्षकाचा वेळ मोजका, म्हणून लहान तळांना सूट. हा तळ लहान नाही. तो कुणाच्या वहीत नाही, म्हणून दिसत नाही.

दस्तऐवज

कोयता_हंगाम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इथे माझा निरीक्षकाच्या वेळेचा युक्तिवाद टिकत नाही, हे मान्य. सूट लहानपणासाठी असते आणि ती मोठ्या तळाला मिळते तेव्हा ती सूट नसून दुर्लक्ष असतं.

पण परवान्याने हे सुटेल का, याबद्दल मी अजून साशंक आहे. परवान्यात घातलेल्या अटी तरी किती पुढे नेता येतात याचा निवाडा ब्रिटनमध्ये झालाय. चर्टसीच्या परिषदेने तळाच्या मालकाला घातलेल्या अटींत भाडेकरूंशी कसा करार करायचा, त्यांना काढायचं कसं, अशाही गोष्टी होत्या. १९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्या रद्द केल्या. अट जागेच्या वापराबद्दल हवी, मालक आणि राहणारा यांच्या व्यवहाराबद्दल नको. आपल्याकडेही कारखान्याला नेमकं कशासाठी बांधायचं ते आधी ठरवावं लागेल. संडास किती, पाणी किती, हे बसतं. उचलीचा व्यवहार त्यातून सुटणार नाही.

माळावरचा

विरोधी बाजू मांडतो, कारण लहान जागामालकांची बाजू कुणीच मांडत नाहीये.

तालुक्याच्या गावाबाहेर दीड एकर माळ, घरचं खाणं, आणि चार गाड्या उभ्या करायची जागा. एवढ्यावर परवाना लावला तर काय होईल? अर्ज तालुक्याला, ना हरकत ग्रामपंचायतीची, पाण्याचा दाखला, अग्निशमनाचा दाखला, आणि दरवर्षी नूतनीकरण. कागद पुरे करणारा मोठा रिसॉर्टवाला टिकेल. माळवाला कागद करणार नाही, गाड्या मात्र उभ्या करेल, "पाहुणे आलेत" म्हणून. मग जी थोडीफार माहिती आज मिळते तीही बंद.

ब्रिटनचं क्लबचं मॉडेल म्हणूनच मला चांगलं वाटतं. पाच गाड्यांची जागा, क्लबचा माणूस येऊन बघतो, वर्षाचं प्रमाणपत्र. संडासाची इमारत नसली तरी चालते, पण पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कॅसेट रिकामी करायची जागा असायलाच लागते. क्लबच्या सभासदांनी नावं ठेवली तर जागा यादीतून जाऊ शकते. परिषदेच्या नोटिशीपेक्षा ही भीती जास्त काम करते. आपल्याकडे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहेच, त्यावर आणखी एक खातं कशाला?

टाकी_शोषखड्डा

माळावरचा, तुम्ही "पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कॅसेट रिकामी करायची जागा" एका दमात लिहिलंत. तळावर पण ती एकाच जागी बांधतात. सगळ्यात मोठी चूक तिथे होते, म्हणून ती खुलासेवार सांगतो.

नळ एकच. त्याला तीन मीटरची रबरी नळी. सकाळी एक जण त्या नळीचं टोक कॅसेटमध्ये खुपसून ती विसळतो. नंतर दुसरा तीच नळी गाडीच्या पिण्याच्या टाकीत घालतो. नळी धुतली तरी आतून धुतली जात नाही. आणि आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं. कॅसेट विसळतानाच वरून पाणी गेलं, पाईपमधलं पाणी उताराला ओसरलं, की नळी उलटं ओढते. टोक मैल्यात बुडलेलं असेल तर मैला लाईनमध्ये. नंतर पाणी आलं की तो गावच्या नळातून निघतो. चोवीस तास दाब असलेल्या देशात हे क्वचित होतं, आपल्याकडे रोज होऊ शकतं.

म्हणून: दोन जागा, मधे सरळ चालत जायला दहा-पंधरा मीटर तरी. कॅसेटच्या नळाला नळी बसेल असे आटे ठेवायचेच नाहीत, साधं आखूड तोंड, आणि ते कुंडीच्या काठापासून किमान १५ सेंटीमीटर वर, म्हणजे टोक पाण्यात बुडू शकणार नाही. त्या नळाला पाणी गावच्या लाईनमधून सरळ न देता उंचावरच्या २०० लिटरच्या वेगळ्या टाकीतून द्यायचं. टाकी भरणारा नळ टाकीच्या काठाच्या वर उघडा सोडायचा. मग मधे हवा राहते, मैला मागे जाऊच शकत नाही. वरती मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदीत "पिण्याचे पाणी नाही". कुंडी गुळगुळीत, उतार मधल्या भोकाकडे, भोक १०० मिमी, वर झाकण. जाळी बसवायची नाही, जाळीत कागद अडकतो आणि कुंडी भरून वाहते.

हे बघायला कुणीतरी दाराशी यावं लागतं. क्लबचा माणूस आला तरी चालेल, मला खात्याचा सोस नाही. पण तो वर्षातून एकदा, हिवाळ्यात येऊन चालणार नाही. शोषखड्डा जूनअखेर बघायचा असतो, जमीन पाण्याने भरलेली असताना. जानेवारीत प्रत्येक शोषखड्डा चांगला असतो.

पायवाट

रंगरूट, तुमची दुरुस्ती मान्य. सैन्यात नोंद होती म्हणजे न्याय होता, असं म्हणायला नको होतं. नोंद होती म्हणून अन्याय मोजता आला, इतकंच म्हणतो.

माळावरचा, परवाना आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला परवाना प्रत्येकाला नकोय. जागा कुठे, गाड्या जास्तीत जास्त किती, महिने कोणते, पाणी कुठून, मैला कुठे जातो, उपसा कोण करतो: अर्ध्या पानाचं पत्र ग्रामपंचायतीला. पोच मिळाली की झालं, मंजुरीची वाट बघायची नाही. सूट शाबूत, पण कागद वहीत.

दस्तऐवज, उपद्रवाची नोटीस वास सुटल्यावर निघते. आणि मंत्र्यांकडून सूट काढून घ्यायची तर परिषदेला आधी जागा माहीत हवी. माहीतच नसलेल्या शेताबद्दल अर्ज कोण करणार?

दस्तऐवज

शेजारी करतो. तक्रार ही पण माहिती असते, आणि अर्ध्या पानाच्या पत्रापेक्षा खरी असते. तुमचं पत्र फाईलला लागेल, पुढे कुणी वाचणार नाही. १९६८ चा धडा आठवा. खासदार एरिक लबॉक यांच्या पुढाकाराने झालेल्या ब्रिटिश कायद्याने फिरस्त्या जिप्सींसाठी तळ पुरवणं परिषदांचं कर्तव्य ठरवलं. ते १९७० मध्ये लागू झालं, बऱ्याच परिषदांनी टाळाटाळ केली, आणि १९९४ मध्ये ते कर्तव्यच रद्द झालं. गरज माहीत होती, मोजणी होती, कायदा होता. तळ पुरेसे झाले नाहीत, कारण मतदारांना ते शेजारी नको होते. माहितीचा अभाव हा नेहमीच मूळ रोग नसतो.

कोयता_हंगाम

दस्तऐवज, ऊसतोडीच्या तळावर शेजारी तक्रार करतो तेव्हा "या लोकांना हटवा" अशी करतो. संडास बांधा अशी करत नाही. तक्रारीवर चालणारी देखरेख तळ हलवते, स्वच्छता आणत नाही. जिप्सींचंही तेच झालं, तुम्हीच लिहिलंत.

आणि नोंद फाईलला लागते ती तिच्यामागे काही अडत नसतं म्हणून. इथे अडवायची जागा आहे. प्रत्येक हंगामाला कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. त्या अर्जाला तळाचा तक्ता जोडा: कोयते किती, संडास किती, त्यातले बायकांचे किती, पाणी किती लिटर, दिवे कुठे. मजूर कुणाचे हा वाद त्यात येतच नाही, कारण तक्ता जागेचा आहे. तुमच्या चर्टसीच्या निकालात हे चपखल बसतं.

माळावरचा

गाळप परवान्याशी जोडायला माझा पाठिंबा. तो कारखाना आहे, त्याला कागद झेपतो. माळवाल्याला तोच न्याय लावू नका, एवढंच. आणि पायवाट यांचं पोचेचं पत्र, मंजुरी नको या अटीवर, मला चालेल. पण एक सांगा: पत्रात "मैला कुठे जातो" याचं उत्तर खरं लिहिलं तर बहुतेकांना "माहीत नाही" असं लिहावं लागेल. मैलागाडीवाला हजार-दोन हजार घेतो आणि पुढच्या नाल्यात सोडतो. त्याची शिक्षा माळवाल्याला?

टाकी_शोषखड्डा

नाही. म्हणून पत्राआधी गाडी कुठे रिकामी होते ते ठरायला हवं. वाई आणि सिन्नर या दोन गावांत मैला प्रक्रिया केंद्र आहे आणि सेप्टिक टँकचा उपसा तक्रारीवर नाही तर पाळीने होतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावरच्या तळांना वाई जवळ आहे. केंद्रावर गाडीची पावती मिळते, तारीख आणि लिटर लिहिलेली. तीच माळवाल्याचा पुरावा. केंद्र जवळ नसेल तिथे तळाला परवानगी देताना जागा जपून निवडावी लागेल. आणि सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आपण तर उतरवायचाच नाही. उपसा पाईपने व्हायला हवा, म्हणजे टाकी रस्त्यापासून गाडीचा पाईप पोचेल इतक्या अंतरात, आणि प्रत्येक कप्प्याला माणूस न उतरता उघडेल असं झाकण.

ऊसतळासाठी सेप्टिक टँकपेक्षा दोन खड्ड्यांचा संडास बरा. तळ वर्षातले सहा-सात महिने रिकामा असतो, हा त्याचा फायदा घ्या. २० माणसांमागे एका हंगामात साधारण अर्धा घनमीटर गाळ साठतो. १.२ मीटर व्यासाचा, एक मीटर खोली वापरात येणारा खड्डा दोन हंगाम पुरतो. मग दुसरा उघडायचा, पहिला बंद ठेवायचा, दोन वर्षांत आतलं मातीसारखं होतं. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तिथे खड्ड्याच्या बाहेरून चहूबाजूंनी ३०० मिमी वाळू-खडीचा थर द्या, नाहीतर फेब्रुवारीतच खड्डा भरून वर येईल आणि लोक म्हणतील संडासात वास येतो, बाहेर बरं.

पायवाट

देखरेखीसाठी नवीन खातं नको हे माळावरचा यांचं म्हणणं पटतं. आरोग्य सेवक गावच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि नंतर करतोच, आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ज्यांनी पोचेचं पत्र दिलंय त्या तळांचा नळ आणि शोषखड्डा त्याच फेरीत बघायचा. कारखान्याच्या तळाला तिसरी फेरी जानेवारीत, भर हंगामात, ओटी चाचणीसह, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघायच्या चाचणीसह.

रंगरूट

जानेवारीच्या फेरीत आणखी एक रकाना ठेवा: तळावर प्रत्यक्षात किती माणसं. नोंदवलेले कोयते आणि मोजलेली माणसं यांत फरक पडणारच, कारण मागाहून आलेल्या जोड्या आणि मुलं तक्त्यात नसतात. संडास मोजलेल्या आकड्यावर ठरले पाहिजेत.

कोयता_हंगाम

आणि मोजायला पहाटे चारच्या आधी या. त्यानंतर तळावर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच असतात.